अनुभाषण : मराठी वादवाङ्मयाच्या वाचनाचा एक उपेक्षित निकष

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत वादवाङ्मयाचा परामर्श घेतला जातो तो बहुधा शैलीच्या अंगाने. अमुक लेखकाचे खंडन किती धारदार होते, त्याचा उपरोध किती बोचरा होता, प्रतिपक्षाची त्याने कशी भंबेरी उडवली, याची वर्णने आपल्या समीक्षेत विपुल सापडतात. ज्याला उत्तर दिले त्याचे म्हणणे उत्तर देणाऱ्याने मुळात नीट वाचले होते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचा परिणाम असा झाला की वादलेखनाकडे आपण एकपात्री प्रयोगाप्रमाणे पाहत आलो. रंगमंचावर एकच नट, आणि ज्याच्यावर तो तुटून पडतो तो पडद्याआड. तो काय बोलला हे आपल्याला कळते तेही याच नटाच्या तोंडून.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाकडे एका जुन्या निकषाच्या साहाय्याने पाहण्याचा प्रयत्न आहे. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादातील पराभवाची जी बावीस स्थाने, म्हणजे निग्रहस्थाने, सांगितली आहेत त्यांत ‘अननुभाषण’ नावाचे एक आहे. वादीने आपले म्हणणे तीन वेळा सांगितले, सभेला ते समजले, आणि तरीही प्रतिवादीला ते आपल्या तोंडाने पुन्हा मांडता आले नाही, तर तो तिथेच हरला. त्याचे उत्तर कसे आहे हे पाहण्याची वेळच येत नाही. भाष्यकार वात्स्यायनाने यामागचे कारण साध्या प्रश्नाच्या रूपात दिले आहे : जो परपक्ष उच्चारूच शकत नाही, तो खंडन करणार ते कशाचे? याच यादीत ‘अविज्ञातार्थ’ नावाचे दुसरे निग्रहस्थान आहे, आणि त्याचा रोख उलट्या बाजूस आहे. वादीने तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवादीला, दोघांनाही काही उमगले नाही, तर दोष वादीचा. समजून घेण्याची जबाबदारी आणि समजेल असे बोलण्याची जबाबदारी यांची ही वाटणी मला आजही विलक्षण न्याय्य वाटते.

न्यायपरंपरेने याच्या जोडीला ‘छल’ या संज्ञेखाली चुकीच्या वाचनाचे तीन प्रकार वेगळे काढले. शब्दाचा वक्त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ घेणे हा वाक्छल. ‘नवकंबल’ म्हणजे नवे कांबळे पांघरलेला, असे सांगणाऱ्याला ‘नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मराठीत ‘नव’ या शब्दाला हे दोन्ही अर्थ असल्याने ते आपल्यालाही भाषांतराशिवाय कळते. संभाव्य म्हणून केलेले विधान सार्वत्रिक नियम समजून खोडणे हा सामान्यछल, आणि लक्षणेने बोललेले वाच्यार्थाने घेणे हा उपचारछल. या तीन प्रकारांत बसणार नाही अशी विपर्यस्त वाचनाची उदाहरणे आधुनिक मराठी वादांत शोधावी म्हटले तर फार थोडी मिळतील.

अननुभाषणावर आक्षेपही घेतला गेला होता, हे येथे नोंदवले पाहिजे. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने ‘वादन्याया’त असा मुद्दा मांडला की प्रतिपक्षाचे सगळेच म्हणणे उच्चारण्याची गरज नाही, ज्या अंशावर दूषण द्यायचे तेवढा अंश उच्चारला की पुरे. व्यवहारदृष्ट्या हे खरेच आहे. पण अंश निवडण्याचा अधिकार उत्तर देणाऱ्याकडे गेला की तो कोणता अंश निवडतो, हाच मग परीक्षेचा विषय होतो. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येईल.

छापील मराठीतील पहिल्या मोठ्या धर्मवादाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्यात जाहीर वाद झाला आणि त्यानंतर मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. विल्सनने १८३२ मध्ये त्याला इंग्रजीत उत्तर दिले. उत्तराचा सूर कडवा आहे. हिंदू धर्माचे ‘पितळ उघडे पाडणे’ हाच त्याचा घोषित हेतू होता. परंतु या उत्तराच्या आरंभी विल्सनने मोरभटांच्या पुस्तकाचे भाषांतर जोडले. म्हणजे वाचकाच्या हातात आधी पूर्वपक्ष पडतो आणि मग खंडन. विल्सनचे खंडन न्याय्य आहे की नाही, हे ठरवण्याचे साधन त्याने स्वतःच वाचकाच्या हाती दिले. भाषांतर प्रतिपक्षाच्या छत्राखाली झालेले असल्याने त्याबद्दल सावध राहावे लागेल हे उघड आहे. तरीही ही पद्धत पुढील शंभर वर्षांत आपल्याकडे रुजली असती तर मराठी वादवाङ्मयाचा चेहरा निराळा झाला असता.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे, आणि म्हणूनच कदाचित मराठी समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या जॉन म्यूर याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपात त्याने खऱ्या धर्माची लक्षणे सांगितली : संस्थापकाचे चमत्कारसामर्थ्य, शास्त्राचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता. या कसोट्यांना ख्रिस्ती मत उतरते, हिंदू शास्त्रे उतरत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. या ग्रंथाला संस्कृतातूनच तीन उत्तरे आली. पैकी दोन मराठी माणसांची होती. १८३९ चे पहिले उत्तर ‘सोमनाथ’ या नावाने आले. हा सोमनाथ म्हणजे सिहोर येथील सुबाजी बापू, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे. कोपर्निकसाच्या मताचा पुरस्कार करणारा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहिणारे हेच ते सुबाजी बापू. दुसरे उत्तर १८४० मध्ये बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांनी दिले; ते आवेशपूर्ण आणि कठोर आहे. तिसरे, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, १८४४-४५ च्या सुमारास काशीच्या नीलकंठ गोऱ्हे यांनी लिहिले. त्या वेळी त्यांनी विशीही ओलांडली नव्हती किंवा नुकतीच ओलांडली असेल. त्यांचा जन्म १८२५ चा.

ही तीन उत्तरे एकत्र वाचली म्हणजे उत्तर देण्याच्या तीन वृत्ती दिसतात. सुबाजी बापूंची वृत्ती समन्वयाची आहे. ईश्वराने निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळे मार्ग निर्माण केले, ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावे, या भूमिकेवरून ते बोलतात. ख्रिस्ती मत खोडून काढण्याकडे त्यांचा कल नाही. ही भूमिका आपल्याला आज आवडते. परंतु अनुभाषणाच्या निकषावर ती तितकीशी टिकत नाही, असे मला वाटते. म्यूरचा सगळा भर ‘खरे मत एकच असू शकते’ यावर होता, आणि ‘सर्वच आपापल्या जागी खरे’ हे त्याला दिलेले उत्तर त्याच्या प्रश्नाला बगल देते. सौजन्य आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरचंद्रांच्या बाबतीत प्रतिपक्षाचे वैगुण्य शोधणारी नजर तीक्ष्ण आहे, पण ती शोधते तेच पाहते.

गोऱ्ह्यांचे तसे नाही. तेही स्वमताचे कट्टर अभिमानी होते आणि मानवी तर्क शास्त्राच्या अधीन असला पाहिजे, श्रद्धा आधी आणि तर्क मागून, ही त्यांची भूमिका होती. पण ख्रिस्ती मतावर आक्षेप घेताना त्यांनी बोट ठेवले ते त्या मताच्या अंतर्गत अडचणीच्या जागांवर. जीव जन्मापूर्वी अस्तित्वात नसेल, तर नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाला भोगावे लागणारे दुःख कोणत्या न्यायाचे? पशूंच्या यातनांचे काय? मर्यादित आयुष्यात घडलेल्या पापाला अमर्याद नरकवास हे परिमाण कोणते? हे आक्षेप बाहेरून फेकलेले दगड नव्हेत. ईश्वर न्यायी आणि दयाळू आहे, हे ख्रिस्ती मताचे विधान गंभीरपणे घेतल्यावरच ते सुचू शकतात. असा आक्षेप घेणाऱ्याने प्रतिपक्षाच्या घरात जाऊन त्याच्या खोल्या मोजलेल्या असतात.

आणि घरात शिरलेला माणूस कधी कधी तिथेच राहतो. काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद करण्यासाठी म्हणून गेलेल्या गोऱ्ह्यांनी १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या कुटुंबावर आणि काशीतील मराठी ब्राह्मण वस्तीवर त्याचा काय आघात झाला असेल, याची कल्पना करता येते. मतांतराच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. त्याला एकच एक कारण होते असेही सुचवायचे नाही. लक्ष वेधायचे आहे ते एवढ्याकडेच की ज्या तिघांनी म्यूरला उत्तरे दिली, त्यांच्यापैकी प्रतिपक्षाच्या आत सर्वांत खोल गेलेला तोच पुढे हलला. नीट वाचणे धोक्याचे असते हे आपल्या वादपटूंना बहुधा आतून ठाऊक असावे. उपहास हा अनेकदा या धोक्याविरुद्धचा विमा असतो.

यानंतरचा भाग वाङ्मयीन दृष्ट्या अधिक मोलाचा आहे. गोऱ्ह्यांनी पुढे आपल्या पूर्वाश्रमीच्या मतांवर ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला (१८६०). फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. नवधर्मांतरिताकडून अपेक्षित असते ती निर्भर्त्सना. येथे मात्र परीक्षणापूर्वी त्या त्या दर्शनाची मते त्या दर्शनाच्या परिभाषेत मांडलेली आहेत. वेदान्ताच्या पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक सत्तांची फोड त्यांनी ज्या बारकाईने केली, ती एखाद्या वेदान्त्याच्या पाठशाळेत शोभावी. खंडन पटले नाही तरी पूर्वपक्षासाठी हा ग्रंथ वाचावा, अशी त्याची योग्यता आहे. तिकडे म्यूरही तसाच राहिला नाही. १८५८ पासून १८७० पर्यंत त्याने मूळ संस्कृत वचनांचे संकलन व भाषांतर करणारे पाच खंड सिद्ध केले. ‘मतपरीक्षा’ लिहिणाऱ्या प्रचारकाचे उत्तरायुष्य परक्या ग्रंथांतील वचने जशीच्या तशी वाचकांपुढे ठेवण्यात गेले. वादाने दोघांनाही वाचक बनवले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता पुण्याकडे वळू. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मराठी गद्याला एक नवा ताठा दिला; त्यांचे हे श्रेय वादातीत आहे. ‘माले’त त्यांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा जो समाचार घेतला तो मात्र अनुभाषणाच्या निकषावर तपासून पाहिला पाहिजे. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. तिचे रूप जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाचे आहे. म्हणजे शंका घेणारा, अडवणारा, ‘हे कसे?’ म्हणून विचारणारा श्रोता ग्रंथातच बसवलेला आहे. तिला जोडलेल्या इंग्रजी प्रस्तावनेत ग्रंथकाराचे म्हणणे कोणत्याही रूपककथेच्या आवरणाशिवाय आले आहे : धर्मग्रंथांच्या आधारे शूद्रातिशूद्रांना दास्यात ठेवले गेले, आणि रयतेच्या पैशावर चालणाऱ्या सरकारी शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गालाच मिळतो. इंग्रजी गद्याच्या व्यासंगावर ज्याने आपली शैली घडवली, अशा टीकाकाराला उत्तराचा आरंभ येथून करणे सर्वांत सोपे होते.

शास्त्रीबोवांनी मुद्द्यांना हातच घातला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्या लेखनाचे बळ आणि वाचकाचा आनंद ज्यावर उभा आहे, तो भाग ग्रंथकाराच्या व्याकरणाचा, शुद्धलेखनाचा आणि शब्दयोजनेचा. धर्मकीर्तीने दिलेली अंश निवडण्याची मोकळीक येथे कशी वापरली जाते ते पाहण्यासारखे आहे. ज्या वर्गाला शतकानुशतके अक्षरओळख नाकारली गेली असे प्रतिपक्ष म्हणतो, त्याच्या अशुद्ध अक्षरांकडे बोट दाखवून त्याला निरुत्तर करणे म्हणजे नकळत त्याच्याच विधानाला पुरावा जोडणे होय. चिपळूणकरांसारख्या चाणाक्ष वाचकाच्या हे ध्यानात येऊ नये, याचे मला प्रत्येक वाचनात नव्याने आश्चर्य वाटते.

मराठी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांच्या वर्गात एकदा हा उतारा वाचायला दिला होता. विद्यार्थी मनमुराद हसले; शैली पोहोचली होती. नंतर ‘फुले यांचे म्हणणे काय होते ते पाच वाक्यांत लिहा’ असे सांगितले तेव्हा कोणाचेही एक वाक्य पुरे झाले नाही. दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. ते म्हणणे त्या उताऱ्यातून काढता येण्याजोगे नव्हते.

हाच निकष फुले यांना लावला तर तेही सर्वत्र उत्तीर्ण होत नाहीत, हेही स्वच्छपणे सांगितले पाहिजे. दशावतारांच्या कथा आक्रमणाच्या इतिहासाच्या रूपात वाचताना, किंवा ‘महार’ या शब्दाची ‘महाअरी’ अशी फोड करताना, ते पौराणिक कथेला तिच्या परंपरेत कोणता अर्थ होता हे सांगत बसत नाहीत. हा वाक्छलच आहे. फरक एवढाच की तो ग्रंथकाराने उघडपणे, विडंबनाच्या अंगाने केला आहे. शिवाय ज्या ग्रंथांच्या वाचनाचा अधिकारच एका समाजाला नव्हता, त्या ग्रंथांच्या अनुभाषणाची अपेक्षा त्या समाजातील माणसाकडून करताना आपल्याला थोडे अडखळायला हवे. अनुभाषणाचा नियम दोघांना एकाच सभेत बसता येते असे गृहीत धरतो. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे न्यायमूर्ती रानड्यांकडून आलेले निमंत्रण फुले यांनी पत्र लिहून नाकारले, ते या गृहीतकालाच दिलेले उत्तर होते. त्या पत्राला ‘फटकळ’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ते निमंत्रणाच्या शेजारी ठेवून वाचलेले दिसत नाही.

या सगळ्यांत अनुभाषणाचा सर्वांत कणखर नमुना मला एका स्त्रीच्या लेखनात आढळतो. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे वरच्या न्यायालयात ती सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या चारित्र्यावर जे लिहिले गेले, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. ताराबाईंचा सूर संतप्त आहे, भाषा घरगुती आणि खरमरीत आहे. पण रचना पाहिली तर ती शास्त्रीय वादाची आहे. स्त्रियांवर परंपरेने ठेवलेले दोष त्या एकेक करून घेतात; दोष काय आहे ते आधी सांगतात; आणि मग विचारतात की हा दोष पुरुषात आहे की नाही, असल्यास कोणात अधिक. एकही आरोप त्या टाळत नाहीत, सोपा करून घेत नाहीत. उलट आरोपकर्त्याला वाटले नसेल इतके त्याचे म्हणणे त्या गंभीरपणे घेतात, आणि त्यातच त्याची फजिती होते. ‘तुलना’ हा शीर्षकातला शब्द म्हणूनच अचूक आहे. तुलनेसाठी दोन्ही पारडी भरावी लागतात.

या पुस्तकाला जे वाचक मिळाले त्यांनी ते कसे वाचले, हा वेगळाच विषय आहे. सुधारक वर्तुळातही त्याच्यावर टीका झाली आणि फुले यांना १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. ‘सत्सार’चा पहिला अंक पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्तीकरणाच्या निमित्ताने निघाला होता, आणि ज्या लेखनाने आपल्या मनाची अखेरची तयारी झाली म्हणून रमाबाईंनी सांगितले, ते होते याच नीलकंठ ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांचे. काशी, पुणे आणि बुलढाणा येथील हे वाद वरवर वाटतात तितके सुटे नाहीत. ताराबाईंचे पुस्तक मात्र लवकरच विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधली नव्वद वर्षे उत्तर देणारीचेच म्हणणे उपलब्ध नव्हते.

विसाव्या शतकातील समीक्षेत या निकषाला उतरणारी उदाहरणे आहेत. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’चे (१९७४) नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल, ज्या भूमिका त्यांना अपुऱ्या वाटतात त्याही त्यांनी अशा मांडल्या आहेत की त्या भूमिकेच्या पुरस्कर्त्याने खुशाल सही करावी. सौंदर्यसंकल्पना द्विध्रुवात्मक आहे, हा त्यांचा निष्कर्षदेखील दोन्ही पक्ष त्यांच्या सर्वोत्तम रूपात वाचण्याच्या या सवयीतूनच आला असावा. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारावरील एकूण वादाची अशी तपासणी मात्र व्हावयाची आहे, आणि तो स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

एक संपादकीय अडचण येथे नमूद करतो. ‘निबंधमाला’ आपल्याकडे वेगळ्या ग्रंथरूपात उपलब्ध आहे, ‘गुलामगिरी’ फुले यांच्या समग्र वाङ्मयात आहे, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ संस्कृतच्या कपाटात, तर ‘षड्दर्शनदर्पण’ हिंदीच्या. बहुतेक ग्रंथालयांत ही कपाटे वेगवेगळ्या मजल्यांवर असतात आणि विद्यार्थी एकाच मजल्यावर जातो. वाद आणि प्रतिवाद एका बांधणीत, कालक्रमाने, टीपांसह छापलेली आवृत्ती एखाद्या अध्यासनाने काढायची ठरवली, तर आरंभ मोरभट आणि विल्सन यांच्यापासून करता येईल. तिथे निम्मे काम १८३२ मध्येच झालेले आहे. आता मोरभटांचे मूळ मराठी त्या भाषांतराशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहायचे आहे.